एका ठिपक्यात तीन गुंठे

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बीडहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या एस.टी.च्या खिडकीतून बालाघाटाची रांग पाहिली म्हणजे तिची सत्यता पटते. जवळ गेल्यावर दिसणारे दगडधोंडे, काटेरी बाभळी, उघडे पडलेले मुरमाड उतार हे सारे दुरून एका निळसर रेषेत विरून जाते. परंतु याच डोंगरांचे चित्र संगणकाच्या पडद्यावर आणून त्यावरून विमान उडवावयाचे ठरविले, तर म्हण उलटी होते. विमानाखालचे शेत नीट दिसते आणि दूरचा डोंगर मात्र वारुळातून मुंग्या निघाव्यात तसा वळवळू लागतो. शेतांचे बांध उमटतात नि पुसले जातात. पत्र्याची घरे काजव्यांसारखी लुकलुकतात. असे का होते आणि ते कमी कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय संगणकाचा आणि लिहिणारा कला शाखेतील भूगोलाचा विद्यार्थी, हे पाहून कोणाच्या भुवया उंचावतील. पण पुढे दिसून येईल की, या प्रश्नाचे मूळ गणिताइतकेच आपल्या समाजशास्त्राच्या व अर्थशास्त्राच्या तासाला शिकविल्या जाणाऱ्या एका गोष्टीत आहे. ती गोष्ट म्हणजे नमुना निवड.

आम्हांला याची गरज का पडली?

विमान उड्डाणाचा हुबेहूब अनुभव देणाऱ्या संगणकीय कार्यक्रमास फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. ब्रूस आर्टविक यांनी १९८० च्या सुमारास ॲपल-२ या लहान संगणकासाठी असा एक कार्यक्रम तयार केला, आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आला. त्या काळी जमीन म्हणजे पडद्यावरच्या काही रेषा असत. आज उपग्रहांनी व विमानांनी घेतलेली छायाचित्रे जमिनीवर अंथरली जातात. एक्स-प्लेन हा असाच एक प्रसिद्ध सिम्युलेटर, आणि फ्लाइटगिअर हा तर विनामूल्य मिळतो.

आमच्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर आणि तालुके अकरा. पण प्रवासी विमानतळ एकही नाही. ज्याने आपले गाव वरून पाहिले आहे असा माणूस आमच्या वर्गात सापडला नाही. म्हणून मी व माझे दोन वर्गमित्र यांनी बीड जिल्ह्याचे दृश्य स्वतःच तयार करण्यास घेतले. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून निघावे, गोदावरी ओलांडून जिल्ह्यात शिरावे, गेवराई मागे टाकून बीड गाठावे आणि पुढे बालाघाटावर चढावे, असा सुमारे शंभर किलोमीटरचा हवाई मार्ग आम्ही आखला.

यात दोन हेतू होते. पहिला घरगुती होता. माझे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. जे रान सोडून सहा-सहा महिने बाहेर राहावे लागते, ते त्यांना एकदा वरून दाखवावे असे मनात होते. दुसरा हेतू आमच्यातील एका मित्राचा. त्याला वैमानिक व्हावयाचे आहे. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित असण्याची अट वर्षानुवर्षे राहिली. ती शिथिल करण्याचा विचार २०२५ साली चर्चेत आला, तेव्हापासून हा मित्र सरावाला लागला आहे. महागड्या प्रशिक्षणाचा पैसा कोठून येणार हा प्रश्न वेगळा. पण नजर तयार करावयास पैसा लागत नाही, असे तो म्हणतो.

मागील दिवाळीत, टोळी निघण्याच्या आधी, मी आईला पडद्यासमोर बसविले. तिने थोडा वेळ पाहिले आणि विचारले, "आरं, रान असं का हलतंय? वारं सुटलं का काय?" सिम्युलेटरमध्ये वारा बंद होता. या दोषाचे याहून नेमके वर्णन मी कोठल्याही पुस्तकात वाचलेले नाही.

दृश्य कसे तयार होते?

आधी जमिनीचा उंचसखलपणा लागतो. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अमेरिकन अवकाशयानाने अकरा दिवसांच्या सफरीत रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या बऱ्याच मोठ्या भागाची उंची मोजली. ती आकडेवारी सर्वांसाठी खुली आहे. तिच्यावरून लहान लहान त्रिकोणांचे एक जाळे तयार होते; हा झाला जमिनीचा सांगाडा. मग त्यावर छायाचित्र ताणून बसवावयाचे, जशी बाजेवर गोधडी अंथरावी तसे. या अंथरलेल्या चित्राला इंग्रजीत टेक्श्चर म्हणतात. कापडाच्या संदर्भात आपण जो 'पोत' शब्द वापरतो तोच येथे चालेल.

एक्स-प्लेनमध्ये पृथ्वी एकेक अंशाच्या चौकोनांत विभागलेली असते. बीड शहर उत्तर अक्षांश १९ च्या किंचित खाली येते. त्यामुळे गेवराई एका चौकोनात, माजलगाव दुसऱ्यात आणि केज, धारूर, अंबाजोगाई, परळी तिसऱ्यात, असे आम्हांला अनेक तुकडे जोडावे लागले. चित्राचा एक ठिपका, म्हणजे ज्याला पिक्सेल म्हणतात तो, जमिनीवरच्या सुमारे एक मीटर लांबी-रुंदीच्या तुकड्याबरोबर होईल, अशी छायाचित्रे आम्ही घेतली.

तीन गुंठ्यांचा हिशेब

आता थोडे गणित. आमच्या पडद्यावर आडवे १९२० ठिपके आहेत आणि सिम्युलेटरच्या खिडकीतून सुमारे ६० अंशांचा देखावा दिसतो. म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला अंशाचा बत्तिसावा भाग आला. एक किलोमीटर अंतरावर या कोनात सुमारे ५५ सेंटिमीटर रुंदी मावते आणि दहा किलोमीटरवर साडेपाच मीटर.

ही झाली रुंदी. लांबीची गोष्ट निराळी आहे. विमान जमिनीपासून एक किलोमीटर उंचीवर असेल, तर दहा किलोमीटरवरची जमीन आपण फार तिरप्या नजरेने पाहत असतो. अशा नजरेने जमीन दहापट आक्रसते. म्हणून पडद्याच्या एका ठिपक्यात साडेपाच मीटर रुंद आणि पंचावन्न मीटर लांब अशी पट्टी येते. क्षेत्रफळ सुमारे तीनशे चौरस मीटर. शेतकऱ्याच्या भाषेत तीन गुंठे!

वाचक मित्रहो, तीन गुंठ्यांत काय काय असू शकते याचा विचार करा. काळी माती, बांध, बांधावरचा लिंब, पत्र्याचे शेड, दोन गाड्यावाटा. या साऱ्याला पडद्यावर एकच ठिपका आणि त्या ठिपक्याला एकच रंग. तो रंग कोणता असावा?

संगणकाला काही सांगितले नाही, तर तो त्या तीन गुंठ्यांतील नेमक्या मधल्या जागेचा रंग उचलतो. तेथे पत्रा असेल तर पांढरा, माती असेल तर काळा. विमान थोडे पुढे सरकले की मधली जागा बदलते. मग आत्ता पांढरा असलेला ठिपका पुढच्या क्षणी काळा आणि त्याच्या पुढच्या क्षणी हिरवा होतो. पडद्यावरचे चित्र सेकंदाला तीस ते साठ वेळा नव्याने काढले जाते, म्हणून हा बदल डोळ्यांना लुकलुक म्हणून जाणवतो. रान हलत नाही. संगणकाचे मत हलत असते.

गावाचे सर्वेक्षण

हीच गोष्ट दुसऱ्या प्रकारे पाहू. समजा, एका गावात वीस गल्ल्या आहेत, प्रत्येक गल्लीत दहा घरे आहेत आणि गल्लीच्या तोंडाशी असलेले पहिले घर हे किराणा दुकान आहे. आपण सर्वेक्षणास गेलो आणि वेळ नाही म्हणून दर दहावे घर निवडले. पहिल्या घरापासून सुरुवात केली तर वीसच्या वीस दुकाने मिळतील, आणि अहवालात लिहावे लागेल की गावात केवळ दुकानदार राहतात. दुसऱ्या घरापासून सुरुवात केली तर गावात एकही दुकान नाही असे ठरेल. सुरुवात एका घराने सरकली आणि निष्कर्ष टोकाचा बदलला. विमान पुढे सरकल्यावर पडद्यावर होते ते हेच.

आता प्रत्येक गल्लीत दहाऐवजी नऊ घरे आहेत असे समजा. आपण दर दहावे घर घेत गेलो तर दुकान केव्हा सापडेल? दर नऊ निवडींतून एकदा, म्हणजे दर नव्वद घरांनंतर. अहवाल वाचणाऱ्याला वाटेल की दुकाने फार विरळ आहेत आणि दूर दूर अंतरावर ओळीने वसली आहेत. प्रत्यक्षात तशी रचना गावात नाहीच. ती नमुन्याने निर्माण केलेली खोटी रचना होय. टांगा पुढे धावत असता चाक मात्र उलटे फिरताना आपण जुन्या सिनेमांत पाहतो. दूरदर्शनवर कोणी बारीक चौकटीचा शर्ट घालून बसला की शर्टावर रंगीत लाटा उठतात. या दोन्हींच्या मागे हेच कारण आहे. आपला नमुना मूळ रचनेच्या मानाने विरळ असला की खोटी रचना उभी राहते. एका आवर्तनात निदान दोनदा तरी नमुना घ्यावा लागतो, हे तत्त्व हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या निबंधांतून सिद्ध झाले आहे. या दोषाला इंग्रजीत एलियासिंग म्हणतात. एलियास म्हणजे टोपणनाव. खरे एक आणि नाव भलत्याचेच, असा त्याचा अर्थ.

उपाय तर सर्वेक्षणातच दडलेला आहे. घर निवडण्याआधी प्रत्येक गल्लीची सरासरी काढून ठेवावी: दहांत एक दुकान. मग कोठूनही सुरुवात करा, उत्तर तेच येते. दृश्यातील लुकलुक कमी करण्याच्या सर्व युक्त्यांचे सार एवढेच आहे: आधी सरासरी, मग निवड.

पहिला उपाय: चित्रांची उतरंड

संगणकाच्या चित्रात वस्तूवर पोत अंथरण्याची कल्पना एडविन कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठातील आपल्या प्रबंधात मांडली. त्यासोबत लुकलुकीचा प्रश्नही आला. १९८३ साली लान्स विल्यम्स यांनी त्यावर जे उत्तर दिले तेच आज जगभर वापरले जाते. त्याचे नाव मिपमॅप. यातील 'मिप' ही अक्षरे एका लॅटिन वचनाची आद्याक्षरे आहेत, आणि त्या वचनाचा अर्थ 'थोडक्या जागेत पुष्कळ' असा होतो.

युक्ती अशी. मूळ चित्र १०२४ ठिपके लांबी-रुंदीचे असेल, तर त्यातील चार-चार ठिपक्यांची सरासरी काढून ५१२ चे चित्र आधीच करून ठेवावयाचे. त्यावरून २५६ चे, मग १२८ चे, असे करीत शेवटी एकाच ठिपक्यापर्यंत यावयाचे. लग्नात मांडवाखाली रचलेल्या मडक्यांच्या उतरंडीसारखी ही अकरा चित्रांची उतरंड होते. आमच्या बाबतीत तळच्या चित्राचा ठिपका १ मीटरचा, त्यावरचा २ मीटरचा, मग ४, ८, १६, ३२, ६४. विमानाखालच्या जमिनीसाठी तळचे चित्र वापरावयाचे आणि जसजसे अंतर वाढेल तसतसे वरचे. जागा किती जास्त लागते? एक चतुर्थांश, अधिक एक षोडशांश, अधिक त्याचा चतुर्थांश, अशी बेरीज केली तर ती केवळ एक तृतीयांश भरते. इतक्या अल्प किमतीत एवढा लाभ क्वचितच मिळतो.

व्यवहारात हे पाहावे की आपल्या चित्रांच्या फाइलींमध्ये ही उतरंड आहे की नाही. डीडीएस नावाच्या प्रकारात ती फाइलमध्येच साठविता येते. चित्र त्या प्रकारात बदलताना मिपमॅप तयार करण्याचा पर्याय निवडलेला असावा लागतो. कोठूनतरी आयते घेतलेले दृश्य फार लुकलुकत असेल, तर सर्वप्रथम येथेच तपासावे. उतरंडीच्या दोन पायऱ्यांमध्ये जमिनीवर रेघ दिसू नये म्हणून लगतच्या दोन चित्रांचे मिश्रण करण्याची सोय असते. तिला ट्रायलिनिअर म्हणतात. तीही चालू ठेवावी.

दुसरा उपाय: तिरप्या नजरेचा विचार

उतरंडीने लुकलुक जाते खरी, पण एक नवी अडचण उभी राहते. आपला ठिपका साडेपाच मीटर रुंद आणि पंचावन्न मीटर लांब होता. मग त्यासाठी कोणती पायरी घ्यावी? रुंदी पाहून ४ वा ८ मीटरची घेतली तर लांबीच्या दिशेने सरासरी अपुरी पडते आणि लुकलुक राहते. लांबी पाहून ३२ वा ६४ मीटरची घेतली तर लुकलुक थांबते, पण रुंदीही तितकीच पुसली जाते आणि थोड्या अंतरापलीकडचे रान शेणाने सारवल्यासारखे सपाट दिसू लागते.

यावरचा तोडगा म्हणजे ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. रुंदीला शोभेल अशी लहान पायरी घ्यावयाची आणि लांबीच्या दिशेने तिचे अनेक नमुने घेऊन त्यांची सरासरी काढावयाची. लांबी रुंदीच्या दहापट असेल तर दहाएक नमुने लागतील. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये २, ४, ८, १६ असे जे आकडे दिसतात ते हेच गुणोत्तर सांगतात. वर काढलेल्या हिशेबात गुणोत्तर दहा आले, म्हणून १६ हा आकडा निवडावा हे ओघाने आलेच. आमचा संगणक जुना, दुसऱ्या हाताने घेतलेला आहे. तरीही १६ ठेवल्याने उड्डाणाच्या गतीत डोळ्यांना जाणवेल असा फरक पडला नाही.

तिसरा उपाय: तीक्ष्णतेचा मोह आवरणे

येथे स्वभावाचा प्रश्न येतो. चित्र जितके तीक्ष्ण तितके चांगले, असे आपल्याला वाटते. म्हणून छायाचित्र संगणकात घेतल्यावर 'शार्पन' करण्याचा मोह होतो. काही जण सेटिंगमध्ये बदल करून उतरंडीची एक पायरी खालची, म्हणजे अधिक तपशिलाची, वापरावयास लावतात. स्थिर चित्रात हे छान दिसते. विमान हलू लागले की मात्र सरासरीने मिटविलेला सारा गोंधळ परत येतो. पायरीतील हा फेरफार शून्यावर ठेवावा आणि छायाचित्राला जास्तीची धार लावू नये. पत्र्याची छपरे आणि शेततळ्यांचे चकाकणारे प्लास्टिक फारच पांढरे आले असेल, तर त्याचा उजेड थोडा उतरवावा. काळ्या मातीच्या शेजारी पांढरा पत्रा हे लुकलुकीचे आवडते ठिकाण आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही सेटिंगने सुधारत नाही. मोठे छायाचित्र लहान करताना कोणी सरासरी न काढता मधले ठिपके नुसते वगळले असतील, तर खोट्या रेषा चित्रातच मुरतात. उसाच्या दोन सऱ्यांमधील अंतर साधारण तीन ते पाच फूट असते, म्हणजे आमच्या चित्राच्या ठिपक्याएवढेच. अशा चित्रात उसाच्या फडावर रुंद, वाकडे पट्टे उमटू शकतात. ते पट्टे ना सऱ्यांचे, ना बांधांचे. असे चित्र टाकून मूळ मोठे चित्र मिळवावे आणि ते सरासरी काढून लहान करावे, एवढाच मार्ग.

चौथा उपाय: कडा आणि बारीक वस्तू

आतापर्यंत अंथरलेल्या चित्राचा विचार केला. परंतु दृश्यात उभ्या वस्तूही असतात. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राची चिमणी, बालाघाटाच्या पठारावरील पवनचक्क्या, विजेचे खांब. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडला रेल्वे आली. तिचे रूळही आम्ही हौसेने बसविले. या वस्तू दूरवर एका ठिपक्याहून बारीक होतात, आणि ठिपक्याच्या मध्यावर आल्या तर दिसतात, नाही तर नाहीशा होतात. पवनचक्कीचे पाते त्यामुळे तुटक तुटक दिसते.

यासाठी मल्टिसॅम्पलिंग नावाची सोय आहे. ती प्रत्येक ठिपक्यात चार वा आठ जागी वस्तूची कड तपासते. पण हे ध्यानात ठेवावे की ती केवळ कडांवर काम करते. अंथरलेल्या चित्राच्या पोटातील लुकलुक तिने जात नाही. पुष्कळ लोक हा आकडा वाढवीत जातात आणि शेते का थांबत नाहीत म्हणून त्रासतात. झाडांचे तर आणखी निराळे. सिम्युलेटरमधील बाभूळ म्हणजे बहुधा एका सपाट फळीवर चिकटविलेले पानांचे चित्र असते, आणि पानांच्या कडा त्या चित्रात असतात, फळीला नसतात. त्यासाठी मल्टिसॅम्पलिंगला पानांच्या पारदर्शकतेचाही विचार करावयास लावणारा स्वतंत्र पर्याय शोधावा लागतो.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे सुपरसॅम्पलिंग: संपूर्ण चित्र उभे-आडवे दुप्पट मोठे काढून मग सरासरीने लहान करणे. याने शेते, कडा, पाने सारेच शांत होते. मात्र काम चौपट होते, आणि आमच्यासारख्यांचा संगणक धापा टाकू लागतो. याला स्वस्त पर्याय म्हणून मागील क्षणांची चित्रे आताच्या चित्रात मिसळण्याची पद्धत आहे. तिला टीएए म्हणतात. ती लुकलुक चांगली शमविते, पण हलणाऱ्या वस्तूमागे पुसट सावली सोडते. शेवटी एक नैसर्गिक उपायही आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे हवेत धूळ असते आणि फार दूरचे दिसत नाही. सिम्युलेटरमध्ये दृश्यमानता पंधरा-वीस किलोमीटरवर ठेवली की सर्वांत जास्त लुकलुकणारा पट्टा धुरकट हवेत विरतो, आणि त्यात खोटे काहीच नसते.

दुसऱ्याच रोगाची ओळख

सर्व उपाय करूनही एखादा रस्ता किंवा नदी लुकलुकत असेल, तर रोग वेगळा असण्याचा संभव आहे. जमिनीवर रस्त्याची पट्टी चिकटविलेली असते. दुरून पाहताना वर रस्ता आहे की जमीन हे संगणकाच्या मोजमापात ठरत नाही आणि दोघांचे भांडण सुरू होते. ओळखण्याची खूण सोपी आहे. विमान थांबवून चित्र स्थिर करावे. पोताची लुकलुक असेल तर दाणेदार ठिपके दिसतील. हे भांडण असेल तर रस्ता फाटलेल्या पट्ट्यांसारखा, थोडा वर थोडा खाली, असा दिसेल. त्यावर इलाज म्हणजे पट्टी जमिनीपासून किंचित उचलणे, किंवा दूरचा रस्ता चित्रातच रंगविलेला ठेवणे.

आम्ही तपासणी अशी केली. गेवराईवर, जमिनीपासून एक किलोमीटर उंचीवर, दक्षिणेकडे तोंड करून, दुपारी बाराची वेळ ठेवून विमान उभे केले. एका वेळी एकच सेटिंग बदलावयाचे, दोन मिनिटे उडावयाचे, थांबवून पाहावयाचे आणि वहीत लिहावयाचे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कोणाचा हे कळत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी?

कोणी विचारील की, हा तर खेळ. त्यात थोडे लुकलुकले म्हणून काय बिघडले? माझे म्हणणे असे की, बिघडते ते नजरेचे. वैमानिकाला समोरच्या आकाशात व जमिनीवर एखादा हलणारा बारीक ठिपका शोधावा लागतो, कारण तो ठिपका दुसरे विमान असू शकते. माणसाचा डोळा हालचालीकडे आपोआप ओढला जातो. सारे रानच हलत असेल तर खरे हलणारे त्यात हरवते. उलट टीएएसारखा उपाय अति केला तर तो बारीक ठिपकाच पुसला जाण्याचा धोका असतो. माझा मित्र म्हणूनच टीएए बंद ठेवतो आणि थोडी लुकलुक सहन करतो. मी आईला रान दाखवितो तेव्हा ते चालू ठेवतो. उपाय एकच असला तरी प्रमाण कामावरून ठरवावे लागते.

भूगोलाच्या विद्यार्थ्याला तर यातून अधिकच बोध घेण्यासारखा आहे. उपग्रहाच्या चित्रावरून आपण पिकांचे, बांधबंदिस्तीचे, पाणलोटाचे निष्कर्ष काढतो. चित्र चुकीच्या रीतीने लहान केलेले असेल तर दिसणारे पट्टे शेतात नसतात, चित्र करणाऱ्याच्या घाईत असतात. गावच्या सर्वेक्षणालाही हेच लागू आहे. चित्रकार दूरच्या झाडाचे पानन्पान काढीत नाही. तो हिरव्या रंगाचा एक फटकारा देतो, आणि ते झाड आपल्याला खरे वाटते. दूरच्या वस्तूविषयी थोडेच पण खरे सांगावे, हे त्याला शास्त्र न शिकता कळलेले असते.

आता आमच्या दृश्यात बालाघाटाची रांग शांत उभी राहते. टोळी चैत्रात परतली तेव्हा मी आईला पुन्हा बोलाविले. तिने आधी आमची विहीर शोधली, मग शेजारच्यांचा बांध, आणि मग त्या बांधावरून त्यांच्याशी असलेल्या जुन्या वादाची हकीकत सांगू लागली. रान हलत असल्याचे तिने या वेळी काही म्हटले नाही.

ज्यांना आपले गाव वरून पाहावयाचे असेल त्यांनी शनिवारी दुपारी भूगोल विभागात यावे. येताना गावाच्या आसपासची एखादी ठळक खूण, तळे, टेकडी किंवा देऊळ, सांगता आली तर शोधणे सोपे जाईल. पाटोदा व आष्टी तालुक्यांचे काम अद्याप बाकी आहे. तिकडच्या मित्रांनी मदतीला यावे, ही विनंती.